झाकण लावू नये

माझ्या नातीनं परवा नवा लॅपटॉप आणला. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून ती फोनवर मैत्रिणीला विचारत होती, की जुन्यातलं सगळं नव्यात लवकरात लवकर कसं न्यायचं. तार लावू, पेनड्राइव्हनं नेऊ, की हवेतून पाठवू. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "तार लाव."

ती हसली. "आजी, तुला काय कळतं त्यातलं?"

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. चौथी शिकलेल्या बाईला ते ऐकावंच लागतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण लॅपटॉपच्या बाबतीत कुणी ते म्हटलं की डोकं फिरतं. याच वाक्यानं एकदा माझी चूकसुद्धा माझ्या हातातून काढून घेतली होती. ते सांगायचं तर आधी मास्तर सांगावा लागतो. आणि मास्तर आठवला की मला अजून राग येतो.

सुरतेजवळ सचिन म्हणून गाव आहे, तिथं एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मी अठरा वर्षं धागा कापला. खातं म्हणजे आमच्याकडे कारखाना. साडीवर मशीन भरतकाम करतं, पण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना धागा तसाच लोंबत ठेवतं. ते लोंबते धागे कापायला आम्ही बायका. मशीननं कुठलं फूल काढायचं हे कॉम्प्युटरवर बसून ठरवणारा तो मास्तर. आमच्याच खान्देशातला, अमळनेरकडचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. उधन्याला एका खोलीत राहायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी खात्यावर हजर असायचा. कुणी न सांगता. असल्या माणसांमुळे बाकीच्यांना उशीर झाल्यासारखं दिसतं.

त्याला तोंड होतं, पण तो ते वापरत नसे. जे सांगायचं ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायचा. पंख्याच्या बटणाखाली "पंखा दोनवरच ठेवावा". त्याच्या खुर्चीमागे "मागे उभे राहू नये". मोरीच्या दारावर "नळ घट्ट". काय घट्ट, तर घट्ट. कागद निघाला की नवा लावायचा, तसाच, त्याच अक्षरात, मुंगीएवढ्या. सगळं खातं त्या कागदांनी भरलं होतं आणि एकही माणूस ते वाचत नव्हता. मराठी लोक वाचत नव्हते कारण रोज तेच, आणि बाकीचे वाचत नव्हते कारण त्यांना गरज नव्हती.

मी मात्र एक कागद वाचला. पाण्याच्या माठावर लावलेला. "मिशरी लावणाऱ्यांनी हात धुऊनच माठाला हात लावावा." खात्यात मिशरी लावणारी मी एकटी. सत्तावीस माणसांमध्ये एकटी. नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी तो कागद फाडून त्याच्या टेबलावर टाकला आणि म्हटलं, "मास्तर, मला काही सांगायचं असेल तर तोंडानं सांगा. मी इथं बसलेय."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तोंडानं सांगितलं की भांडण होतं."

"आणि आता काय चाललंय?"

"म्हणूनच कागद."

दुसऱ्या दिवशी माठावर नवा कागद. त्या दिवसापासून त्याचा एकही कागद मी वाचणार नाही असं ठरवलं.

साडीचा नमुना मशीनवरून उतरला की तो आधी उलटा करून मागची बाजू बघायचा. पुढची बाजू शेवटी, तीही घाईत. शेठ एकदा वैतागून म्हणाला, गिऱ्हाईक पुढून बघतं. मास्तर म्हणाला, "पुढून सगळ्याच बऱ्या दिसतात." मागे धाग्याची गुंतवळ दिसली की तो तुकडा बाजूला फेकायचा आणि पुन्हा कॉम्प्युटरवर जाऊन बसायचा. ते फेकलेले तुकडे मी घरी न्यायचे. चांगलं कापड, वर भरतकाम. पहिल्या अकरा वर्षांत तीन गोधड्या झाल्या.

आणि त्याचं ते चावीचं घड्याळ. टेबलावर टिकटिकत असायचं आणि त्यावर तो जगाचं मोजमाप घ्यायचा. मशीनला फ्रेम बदलायला किती वेळ, चहावाल्याला पायऱ्या चढायला किती वेळ. मला सुद्धा. "बाई, काल एका साडीला अकरा मिनिटं. आज चौदा. मधे मिशरी झाली का?" मी कात्री उचलून दाखवली तेव्हा त्यानं घड्याळ दुसरीकडे वळवलं.

एक वाजला की तो उठायचा. खात्याच्या मागे लिंबाखाली बसून डबा खायचा. भाकरी, चटणी, कांदा. आग लागली असती तरी एक वाजता तो उठला असता. आमच्या दुर्दैवानं आग लागली नाही, दुसरंच झालं.

त्या वर्षी दिवाळीला शेठनं नवा लॅपटॉप घेतला. जुना तापून तापून आपोआप बंद पडायचा. त्या जुन्यात मास्तरची सगळी डिझाइनं होती, पहिल्या दिवसापासूनची. मशीनवर त्या दिवसांत चालू असलेली पाच-पन्नास तेवढी पेनड्राइव्हवर, बाकी सगळी त्या एका पेटीत. दुसरीकडे एक प्रत ठेवायला वेगळी डिस्क द्या, असं मास्तरनं शेठला दोनदा सांगितलं होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शेठ दोन्ही वेळा म्हणाला, दिवाळीनंतर. शेठच्या मुलाचं तर वेगळंच चालू होतं. तयार डिझाइनं नेटवर मिळतात, मास्तरला बसवून कशाला ठेवायचं, असं तो वर्षभर म्हणत होता. मास्तरची खुर्ची टिकली होती ती त्या जुन्या पेटीतल्या मालावर. हे आम्हाला माहीत होतं आणि मास्तरलाही माहीत होतं.

सुरतेचे व्यापारी दिवाळीला चोपड्यांची पूजा करतात. आता चोपड्यांच्या जागी लॅपटॉप. शेठचं ठरलं होतं: दुपारच्या मुहूर्ताला नव्या लॅपटॉपची पूजा करायची, त्यावर कुंकवाचा साथियो काढायचा, म्हणजे आपला स्वस्तिक, आणि मग पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. लाभपाचमेला खातं उघडलं की मुहूर्तावर उघडायचा. जुना लॅपटॉप संध्याकाळच्या आत दुकानात द्यायचा, नव्याच्या बदल्यात. म्हणजे सगळा माल मुहूर्ताच्या आत हलवायला पाहिजे होता. सकाळी आठपासून दुपारपर्यंत वेळ होता. पुष्कळ होता.

शेठचा मुलगा म्हणाला, वायफायनं टाकतो, बसल्या बसल्या होईल.

मास्तर म्हणाला, "हवेतून? इथल्या हवेत काय उडतं ते बघितलं का? रुमाल झटका."

"मास्टर, जल्दी करना है."

"तेच बघतो. सगळ्यात जल्दी कोणतं, ते आधी ठरवू."

आणि त्यानं घड्याळाला चावी दिली. एकच फोल्डर घेतलं, नवरात्रीच्या चणियाचोळीचं, आणि ते तिन्ही रस्त्यांनी पाठवून बघायला लागला. आधी हवेतून. मिनिटं लिहिली. मग पेनड्राइव्हनं. आधी जुन्यातून पेनड्राइव्हमध्ये, मग पेनड्राइव्हमधून नव्यात, दोन्ही वेळा वेगळ्या मोजल्या, कारण म्हणे पेनड्राइव्हला एक मुक्काम जास्त असतो. मग दोघांच्या मध्ये तार. मधेच जुना लॅपटॉप तापून बंद पडला, तेव्हा तो डाव रद्द धरून पुन्हा पहिल्यापासून. हवेवर अन्याय नको म्हणून हवेलाही पुन्हा एक संधी दिली. शेठचा मुलगा येरझारा घालत होता. आम्ही बायका रांगोळी काढून, पितळ घासून, फरशी पुसून मोकळ्या झालो, तरी याची शर्यत चालूच.

साडेअकराला त्यानं निकाल सांगितला. "तार."

तेवढ्या वेळात सगळा माल तिन्ही रस्त्यांनी जाऊन परत आला असता. जलद रस्ता शोधण्यात सकाळ घालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "बाई, आता कळलं ना? पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही."

पुढच्या वेळी, म्हणे.

तार लागली, माल हलायला लागला. एक वाजला. मास्तर उठला. नव्या लॅपटॉपच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवला, शेठच्या मुलाला दोन शब्द सांगितले, ते त्यानं फोन कानाला लावून ऐकले किंवा ऐकले नाहीत, आणि मास्तर डबा घेऊन लिंबाखाली गेला.

शेठाणी पूजेचं ताट घेऊन आल्या. ब्राह्मणाला पुढे दोन ठिकाणी जायचं होतं. शेठाणी म्हणाल्या, "मासी, आ ढांकणुं बंध करो ने. साथियो क्यां काढुं? ने आ दोरडुं हटावो, सारुं नथी लागतुं."

मी कागद सोलून काढला. झाकण लावलं. ओल्या फडक्यानं पुसून कोरडं केलं. तार काढली, हाताभोवती आठच्या आकड्यासारखी गुंडाळली, मधे लाल धाग्यानं बांधली आणि खणात ठेवली. माझी सवय आहे, दोरी म्हणा, धागा म्हणा, मी तशीच गुंडाळते. साथियो सुरेख निघाला. वर सुपारी, फूल. आरती झाली, पेढे वाटले. शेठच्या मुलानं जुना लॅपटॉप पिशवीत घातला आणि गाडीवरून घेऊन गेला. दुकानदारानं तो संध्याकाळीच पुसून कोरा केला, हे नंतर कळलं.

मास्तर हात धुऊन आत आला. नवा बंद, जुना नाही. शेठला म्हणाला, "पूरा हुआ था?"

"हां हां, छोकरो जोइने गयो छे." मुलगा बघून गेलाय, म्हणे.

मास्तरनं झाकणाकडे हात नेला. शेठाणींनी ओरडून थांबवला. पाचमेच्या आधी नाही. तो तसाच उभा राहिला, हात अर्धा पुढे. मग घड्याळ खिशात घालून घरी गेला.

पाच दिवस त्यानं कसे काढले मला माहीत नाही. विचारायला मी गेले नाही. मला त्या वेळी काही कळलंच नव्हतं, हे खरं आहे. झाकण लावलं की आतलं काम थांबतं, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे पातेल्यावर झाकण ठेवलं की काम लवकर होतं.

लाभपाचमेला मुहूर्तावर लॅपटॉप उघडला. निम्मा माल होता. पहिल्या वर्षांचा. पुढची दहा-अकरा वर्षं नव्हतीच. पडद्यावर एक चौकट येऊन थांबली होती. मास्तरनं ती वाचली आणि मग तार शोधायला खण उघडला. माझी गुंडाळी, लाल धाग्यासकट, त्याच्या हातात. त्यानं ती उलटी करून बघितली, जशी साडी बघायचा तशी. मग खिशात घातली.

शेठ ओरडत होता. "कोणे बंध कर्युं? कोणे?"

मुलगा म्हणाला, मी नाही. शेठाणी म्हणाल्या, मी तर फक्त साथियो काढला. मी पुढे होणार, तेवढ्यात मास्तर म्हणाला, "मैंने किया, शेठ. खाना खाने जाते टाइम. आदत से."

मी सांगते, मला त्याचा इतका संताप आला की हातातली कात्री खाली पडली. कुणी सांगितलं होतं याला? मी काय मुकी होते? मी सरळ शेठपुढे गेले आणि म्हटलं, "शेठ, झाकण मी लावलं. तारपण मी काढली. हा खोटं बोलतोय."

शेठ हसला. राग विसरून हसला. "मासी, तमने आमां शुं खबर पडे? जाव, काम करो." तेच वाक्य, तुम्हाला काय कळतं त्यातलं.

मी पुन्हा म्हटलं. शेठाणींकडे बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि ताटातली फुलं वेचायला लागल्या. त्यांना आठवत होतं, चांगलं आठवत होतं. शेठच्या मुलानं मला दंडाला धरून, अगदी आदरानं, माझ्या जागेवर नेऊन बसवलं. म्हणाला, मासी मास्टरला वाचवतात, मोठ्या मनाच्या आहेत. म्हणजे चूक करायचीसुद्धा माझी लायकी नाही. नवरा पलसाण्याच्या रंगाच्या खात्यात हात जाळून आला तेव्हा चूक त्याची ठरली होती, त्याची नसताना. आणि इथं माझी असताना ती मला मिळेना.

शेठनं मास्तरला सांगितलं, उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, जेवढं परत उभं कराल तेवढं करा. त्यानंतर बघू. बघू म्हणजे काय ते मुलाच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी एक वाजता मी लिंबाखाली गेले. तो भाकरी मोडत होता.

"माझं नाव का नाही घेतलं?"

"माले इचारू नका," तो म्हणाला. चिडला की अहिराणीत जायचा.

"विचारणार. मला असल्या उपकाराची गरज नाही."

"उपकार कसला?" त्यानं कांदा फोडला. "तुमचं नाव सांगितलं असतं तर शेठ म्हणाला असता, कागद लावला होता ना, मग? म्हणजे माझा कागद कुणी वाचत नाही, हे सगळ्या खात्याला कळलं असतं."

ते खात्याला आधीपासूनच माहीत होतं.

मग त्यानं विचारलं, "बाई, कागद दिसला नाही का?"

"नाही दिसला."

तो जरा वेळ चावत राहिला. "अक्षर बारीक झालं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी लिंबायतच्या माझ्या घरून रिक्षात एक गोधडी घालून सचिनला आणली. रिक्षावाल्यानं तिची वेगळी जागा धरली, त्याच्याशीही भांडले. गोधडी मास्तरच्या टेबलावर टाकली. तो म्हणाला, हे काय. मी म्हटलं, "तुमचीच घाण आहे. बघा."

अकरा वर्षांचे टाकलेले तुकडे. त्यानं एक ओळखला, मग दुसरा. चष्मा पुसला. मग काय म्हणावं माणसानं? म्हणाला, "मागची बाजू दिसत नाही. अस्तर उसवावं लागेल."

"उसवायचं नाही. पुढून बघा."

"पुढून कळत नाही, बाई. धागा कुठून कुठं गेला ते मागे असतं."

"तीन महिने लागले मला शिवायला."

"आणि टाके आडवे घातलेत. माझ्या मोराच्या मानेवरून गेलाय टाका."

मी गोधडी उचलून चालू लागले होते. दारापर्यंत गेले. मग परत आले, कात्री घेतली आणि स्वतः उसवली. त्याच्या हातात दिली असती तर कापड फाटलं असतं. पुढच्या आठवड्यात दुसरी आणली, मग तिसरी. ती थंडी घरात आम्ही चादरींवर काढली. सुरतेची थंडी ती केवढी, म्हणून निभावलं.

रोज तो एक तुकडा समोर ठेवून कॉम्प्युटरवर पुन्हा काढायचा. टाका टाका मोजून. घड्याळ त्यानं त्या दिवसांत लावलं नाही. उसवलेल्या तुकड्यांच्या ढिगावर मात्र कागद लावला, "या गोधडीवर बसू नये". तळहाताएवढ्या अक्षरात. त्यानंतर त्याचे सगळे कागद तसेच. पंख्याखाली, मोरीवर, माठावर, लांबूनही वाचता येईल एवढी मोठी अक्षरं. बायका हसायच्या, मास्तरला दिसत नाही वाटतं आता. मी हसले नाही.

उत्तरायणापर्यंत बरंचसं उभं राहिलं. सगळं नाही. खुर्ची राहिली. शेठचा मुलगा व्यापाऱ्यांना सांगायचा, आम्ही मशीन लावून सगळा डेटा परत मिळवला. मशीन. कुठलं मशीन ते मला विचारा. मास्तर आणखी चार वर्षं बसला, मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि बहिणीकडे गावी गेला. तिथंच वारला. खात्यात बातमी आली त्या दिवशी एकही मशीन दहा मिनिटंसुद्धा बंद झालं नाही. मी शेठला म्हटलं, तर तो म्हणाला, ऑर्डर आहे, मासी. मी म्हणते, वारला तो वारला, म्हातारा होता. पण दहा मिनिटं.

त्यानं मला आभाराचा शब्द कधी दिला नाही आणि मी मागितला नाही. मला राग त्याचा नाही. तो कागद मी वाचला होता. मला वाचता येतं. चौथीत मी वर्गात पहिली होते. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, "काम चालू. झाकण लावू नये." मी सोलून काढताना सगळा वाचला आणि मनात म्हटलं, हा कोण मला सांगणार. आणि लावलं झाकण. लिंबाखाली त्यानं विचारलं तेव्हा एवढं एक वाक्य बोलायचं होतं. शेठपुढे सगळं ओरडून सांगणारी मी, त्याच्यापुढे ते बोलले नाही. आणि तो मरेपर्यंत मोठ्या अक्षरात लिहीत राहिला.

नातीनं शेवटी तारच लावली. मैत्रिणीनंही तेच सांगितलं म्हणून. माल हलायला लागल्यावर ती अंघोळीला गेली. मी तिच्या वहीचं पान फाडलं, जाड पेनानं लिहिलं आणि नव्या लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलं.

ती केस पुसत बाहेर आली, वाचलं आणि म्हणाली, "आजी, घरात आपण दोघीच आहोत. हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून तिथंच बसले.